मयताचं रिटर्न: सरकारला ठाऊक असलेला मृत्यू बाईनं कितीदा सिद्ध करायचा?

रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचा आयकर काढताना त्याच्या पेन्शनमधून आधी 75,000 रुपये वजा होतात. नव्या करप्रणालीत ही प्रमाणित वजावट प्रत्येक पगारदाराला आणि पेन्शनरला मिळते, एकही पावती जोडावी लागत नाही. तो माणूस गेला आणि बायकोला फॅमिली पेन्शन सुरू झाली की वजावट 25,000 वर येते. तीही पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं जे कमी असेल ते. जुनी प्रणाली धरली तर नवऱ्याला 50,000 आणि बायकोला 15,000.

यामागचा तर्क असा की पेन्शन हा नोकरीचाच पुढे चालू राहिलेला मोबदला, म्हणून ती 'पगार' या सदरात. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईनं ती नोकरी केलेली नाही, म्हणून तिचे पैसे 'इतर स्रोत' या सदरात, बँकेच्या व्याजाच्या रांगेत. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्यांचा संसार झाला त्यांच्यासमोर हा तर्क मांडून बघावा. गाडीवरच्या माणसाला अपरात्री कॉल आला की डबा कोणी भरला, तो लाइनवर असताना तापानं फणफणलेल्या पोराला दवाखान्यात कोणी नेलं, दर बदलीला भांडीकुंडी कोणी बांधली? नोकरी त्यानं केली, पण निभावली सगळ्या घरानं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी साधा हिशेब उरतो. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेत निवृत्ताची पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते. तो सत्तरीत गेला तर बायकोला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. म्हणजे शंभराची आवक साठावर येते आणि वजावट मात्र शंभराची तेहतिसावर. वीजबिल आणि गोळ्या-औषधं काही त्या प्रमाणात कमी होत नाहीत.

ही तफावत काढायला एका कलमातला एक आकडा बदलावा लागतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात तो बदललाही गेला, नव्या प्रणालीत 15,000 चे 25,000 झाले. पण त्याच अर्थसंकल्पात पगारदारांची वजावट 50,000 वरून 75,000 वर गेली. आधी दोघांमध्ये अंतर 35,000 चं होतं, ते 50,000 चं झालं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी झाली; ही तफावत जशीच्या तशी पुढे आली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, मग वजावटीचं एवढं काय? बहुतेक विधवांना कर लागत नाही हे मान्य. पण करमाफी वेगळी आणि रिटर्नमाफी वेगळी. उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य असला तरी. बँकेनं व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच आधी कापला जाणारा कर) कापला असेल तर तो परत मिळवायलाही रिटर्नच लागतं. आणि नवरा ज्या वर्षी जातो त्या वर्षी रिटर्न दोन: 1 एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं त्याच्या पॅनवर, त्यापुढचं तिच्या पॅनवर. पहिल्याला आम्ही करसल्ल्याचं काम करणारे 'मयताचं रिटर्न' म्हणतो. सगळा जाच तिथे आहे.

हा पैसेवाल्यांचा विषय आहे असं खान्देशात तरी कोणी समजू नये. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला आयकराशी आपलं घेणंदेणं नाही असं वाटतं. पण केळीचे पैसे एफडीत गेले की त्यांचं व्याज शेतीचं उत्पन्न राहत नाही. शिवाय भुसावळ आणि वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, एसटी, जळगावची एमआयडीसी. या नोकऱ्यांवर जी घरं उभी राहिली तिथे फॉर्म 16 दरवर्षी यायचा आणि नवरा तो एका फायलीत लावून ठेवायचा. फाइल कुठे आहे हे बायकोला माहीत असतं. तिच्यात काय आहे हे बहुतेक वेळा माहीत नसतं.

मयताचं रिटर्न भरायचं तर आधी बाईचं स्वतःचं पॅन कार्ड हवं, ते आधारशी जोडलेलं हवं, आयकराच्या पोर्टलवर तिच्या नावाचं लॉगिन हवं. त्या लॉगिनमधून मयताची कायदेशीर वारस म्हणून नोंदणीची विनंती करायची. सोबत मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन कार्डं आणि वारस असल्याचा पुरावा. पुरावा म्हणून न्यायालयाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला चालतो, हयात कुटुंबीयांचा दाखला चालतो, सरकारी फॅमिली पेन्शनचा कागद चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, आणि बँकेनं नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार म्हणून दिलेलं पत्रही चालतं. हे शेवटचं फार कामाचं आहे, कारण ते आपल्याच गावच्या शाखेतून मिळतं. पण ही यादी बायकांपर्यंत पोचत नाही. कोणीतरी सांगतं, "वारस दाखला लागेल", आणि त्या तलाठ्याकडे जातात.

तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात अजून तलाठी आप्पाच) वारस नोंदीचा अर्ज घेतात, फेरफार करतात, आणि ते काम सातबाऱ्यापुरतं असतं. तहसीलदारांकडून मिळणारा दाखला बहुतेकदा सरकारी देण्यांपुरता. दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखालचा, तो वेगळा. ठेवी आणि शेअरसाठी न्यायालय देतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र 1925 च्या कायद्याखालचं, तेही वेगळं. गावात या चारही कागदांना 'वारसाचा कागद' एवढंच म्हणतात. ज्या कामाला बँकेचं एक पत्र पुरलं असतं त्यासाठी बाई वकिलाची फी देऊन कोर्टाची तारीख धरून बसलेली मी पाहिली आहे, आणि तिला तसं करायला सांगणारे सगळे शिकलेले होते.

पारोळा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकाच्या पत्नी आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत पासबुकं, एफडीच्या पावत्या, एलआयसीचा बॉण्ड आणि दवाखान्याची जाडजूड फाइल. आधारवर त्यांचं नाव एक, पासबुकावर त्याच नावापुढे 'बाई' लावलेलं, पॅनवर नवऱ्याच्या नावाचा पत्ताच नाही, कारण पॅन कार्डावर बापाचं नाव छापतात. मोबाइल नंबर सगळीकडे नवऱ्याचा, आणि त्याचं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं. मी एकेक कागद विचारत होतो आणि त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "भाऊ, मना नाववर काहीच नही शे." पावत्या उलगडल्या तर दोन एफडींवर दुसरं नाव त्यांचंच होतं. त्यांना ते तेव्हा कळलं. नवरा दर वर्षी 15 एच, म्हणजे आपल्याला कर लागत नाही असं बँकेला लिहून देण्याचा ज्येष्ठांचा फॉर्म, भरून टीडीएस थांबवायचा. तो गेल्यावर फॉर्म कोणी भरला नाही, बँकेनं व्याजावर कर कापला आणि तो पहिल्या नावाच्या, म्हणजे मयताच्या पॅनवर जमा झाला. व्याजावर हक्क त्यांचा, कापलेला कर गेलेल्या माणसाच्या खात्यावर, आणि वारस नोंद होईपर्यंत तो परत मागायला कोणीच पात्र नाही.

मृत्यू कोणत्या महिन्यात झाला यावरही बरंच ठरतं. ऑक्टोबरात गेलेल्या माणसाच्या घराला वेळ मिळतो. जूनच्या मध्यावर गेला तर त्याच्या आदल्या पूर्ण वर्षाचं रिटर्न 31 जुलैला भरायचं असतं. मृत्यूची नोंद, मग दाखला, मग वारसाचा पुरावा, मग पोर्टलवरची मंजुरी, हे सगळं त्या पाच-सहा आठवड्यांत बसवायचं. त्यातच गंधमुक्ती, नंतर दारावर येणारी माणसं, आणि शेतीचं घर असेल तर कपाशीच्या लागवडीचे दिवस. अजूनही आपल्याकडे कितीतरी घरांत बाईनं या दिवसांत उंबरठा ओलांडू नये असा दंडक आहे. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला; आपल्या गावांनी तो ठराव मनापासून वाचावा असं मला वाटतं, कारण बाहेर न पडलेल्या बाईच्या कागदांवर निर्णय बाहेर पडणारे लोक घेतात.

31 जुलै हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. शुल्क 5,000 रुपये, उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000. पण शुल्कापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. धंदा-व्यवसाय नसलेल्या माणसाला जुनी करप्रणाली हवी असेल तर ती मुदतीच्या आतच निवडावी लागते. मुदत गेली की नवी प्रणाली आपोआप लागू. आता ज्येष्ठ नागरिकाच्या आजारपणाचा विचार करा. ज्यांचा आरोग्य विमा नाही अशा ज्येष्ठांच्या उपचाराचा 50,000 पर्यंतचा खर्च, रोखीनं दिलेला नसेल तर, जुन्या प्रणालीत वजा होतो. शेवटच्या आजारात घरानं जळगाव-नाशिकच्या दवाखान्यांत पैसे ओतलेले असतात. त्या पैशांवर मिळणारी सवलत, गृहकर्जाचं व्याज, विम्याचे हप्ते, सगळं एका हुकलेल्या तारखेनं जातं. तारीख हुकण्याचं कारण काय, तर ज्यानं रिटर्न भरायचं तोच वारला.

उशीर माफ करण्याची सोय आहे. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानं प्रत्यक्ष कर मंडळानं त्यासाठी अर्जाची मुदत करआकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षे ठेवली. पण तिथेही अर्ज तिनं करायचा, आपली अडचण खरी होती हे तिनं पटवून द्यायचं, अधिकाऱ्याला पटलं तर माफी. नवऱ्याचा मृत्यू ही अडचण खरी होती का, याची छाननी कशासाठी?

माझं म्हणणं इथेच आहे. राज्याला हा मृत्यू माहीत असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ती लागू आहे. तिच्यानुसार देशभरातल्या मृत्यूंची एक राष्ट्रीय नोंद ठेवायची आणि ती मतदारयादी, आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना अशा इतर नोंदवह्यांसाठी वापरता येते. आधार प्राधिकरणानं अशाच नोंदी घेऊन 2 कोटींहून अधिक मृत व्यक्तींचे आधार क्रमांक बंद केल्याचं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. पॅन आधारशी जोडलेलं आहे. म्हणजे आधार बंद झाला तेव्हाच त्या पॅनचा धारक हयात नाही हे सरकारच्या एका हाताला कळलेलं असतं. दुसरीकडे त्याच पॅनवर कोणत्या बँकेनं किती व्याज दिलं, किती कर कापला, हे आयकर खात्याला रुपयापर्यंत माहीत असतं, वार्षिक माहिती विवरणात ते दिसतं. एवढं माहीत असलेल्या खात्याची नोटीस मयताच्या ईमेलवर येत राहते. मेलेल्या माणसाच्या नावानं काढलेली फेरआकारणीची नोटीस कायद्यानं टिकत नाही आणि मृत्यूची खबर खात्याला देण्याचं कायदेशीर बंधन वारसांवर नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2020 साली एका प्रकरणात स्पष्ट केलं. न्यायालयात जाणाऱ्याला हा दिलासा मिळाला. नोटीस पाहून घाबरून कोणा ओळखीच्या माणसाकडे पैसे देऊन बसणाऱ्या बाईला तो कधी मिळायचा?

सरकारला स्वतःहून दारात जाता येतं हे आपण नुकतंच पाहिलं आहे. 2025 साली महसूल खात्यानं जिवंत सातबारा मोहीम राबवली. सातबाऱ्यावर राहून गेलेल्या मयत खातेदारांची यादी गावोगाव चावडी वाचनातून काढायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार करून त्यांची नावं लावायची. वर्षानुवर्षे आजोबांच्या नावावर पडून असलेल्या जमिनींचे वारस लावायचं काम तेव्हा खात्यानं स्वतः हाती घेतलं. जमिनीच्या बाबतीत महसूल खातं हे करू शकतं, तर ज्याची सगळी माहिती संगणकातच आहे अशा आयकर खात्याला ते जड का जावं?

रिझर्व्ह बँकेचं उदाहरण याहून जवळचं आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी तिनं मयत खातेदारांच्या दाव्यांबाबत सगळ्या बँकांना एकच नियमावली लावली. नॉमिनी असेल किंवा संयुक्त खात्यात 'हयात असेल त्याला' अशी अट असेल तर कोर्टाचा कागद मागायचा नाही. दोन्ही नसतील तरी व्यापारी बँकांनी 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांनी 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत वापरायची. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर बँकेनं व्याजाच्या रूपानं भरपाई द्यायची. या शेवटच्या मुद्द्याकडे नीट पाहावं. विलंबाचा भुर्दंड कामचुकार पक्षावर टाकला आहे. आयकरात तोच भुर्दंड विधवेवर पडतो. ज्या बाईला बँक 15 लाखांची ठेव साध्या पद्धतीनं देते तिला आयकराचा काही हजारांचा परतावा मिळायला जास्त सोपस्कार करावे लागावेत, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

प्रत्यक्ष कर मंडळाची इच्छा असली की तेही हे करतं. पॅन-आधार जोडणीची मुदत चालू असताना जी माणसं जोडणी करण्याआधीच वारली, त्यांच्या बाबतीत वाढीव दरानं टीडीएस लावू नये असं 5 ऑगस्ट 2024 च्या परिपत्रकात सांगितलं गेलं. मेलेल्या माणसाला ओटीपी देता येत नाही एवढी साधी गोष्ट तिथे कोणीतरी ओळखली.

अमेरिकेत नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येतं, आणि जोडीदार वारला त्या वर्षीही मागे राहिलेल्याला ते एकत्रच भरता येतं. लहान मूल सांभाळायचं असेल तर पुढची दोन वर्षेही जवळपास तेच फायदे चालू राहतात. आपली रचना वैयक्तिक आहे, ती तशीच्या तशी बदला असं मी म्हणत नाही. पण जोडीदार गमावल्याचं वर्ष हे वेगळं वर्ष असतं, एवढं आपल्या कायद्यानंही मानायला हवं.

सवलत दिली तर खोटे वारस उभे राहतील, हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. सावत्र घरं, दोन संसार, परदेशातली मुलं, असे गुंते खान्देशातही आहेत. पण वारस म्हणून नोंद झालेला माणूस पोर्टलवर फक्त प्रतिनिधी असतो, मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्यानुसार बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि पोर्टलवर कोणाचंही नाव लागलं तरी त्यांचे हिस्से हलत नाहीत. शेअरचा नॉमिनी हा मालक नसतो हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली सांगून ठेवलं आहे. मग ठरावीक रकमेपर्यंत प्रतिज्ञापत्रावर काम व्हावं, परतावा केवायसी झालेल्या संयुक्त खात्यातच जावा, त्याहून मोठी रक्कम असेल किंवा कोणी हरकत घेतली तर पूर्ण कागद मागावेत. रिझर्व्ह बँकेनं हाच मार्ग धरला आहे.

आणि आजची अवघड पद्धत फसवणूक थांबवते असं मानणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय चालतं ते पाहावं. नवऱ्याचा पासवर्ड कुठल्यातरी डायरीत असतो. सिम चालू असेल तर मुलगा किंवा दीर त्याच पासवर्डनं आत जातो, गेलेला माणूस जिवंत आहे असं धरून रिटर्न भरतो, ओटीपी टाकतो, मोकळा होतो. परतावा मयताच्या खात्यात येतो आणि एटीएमनं काढला जातो. हे बेकायदा आहे आणि आमच्या पेशातली काही माणसंही ते बिनदिक्कत करतात, कारण सरळ मार्गाला महिने लागतात आणि या मार्गाला अर्धा तास. पुढे छाननी झाली की प्रश्न विधवेला विचारले जातात. नियम इतका अवघड ठेवायचा की तो पाळणाराच मागे राहावा, याला सावधगिरी म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरात ही वेळ आली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: तो पासवर्ड वापरू नका. बँकेतल्या व्यवहारांचे संदेश दिसावेत म्हणून सिम काही महिने रिचार्ज करत राहा, पण रिटर्न वारस म्हणून नोंदणी करूनच भरा.

आता घरातली गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त डाचते. वारस म्हणून कोणाची नोंद करायची हे ठरतं तेव्हा बहुतेक घरांत बाईला विचारलंही जात नाही. "वहिनी, तुम्ही कुठे धावपळ करता, मी बघतो." धाकट्या दिराच्या बोलण्यात माया असते, बहुतेक वेळा खरीच असते. त्याचं पॅन आहे, लॉगिन आहे, मोटारसायकल आहे, तालुक्याला ओळखी आहेत. मग कागदांचा गठ्ठा त्याच्याकडे जातो, ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि नवऱ्यानं किती ठेवलं, किती देणं आहे, हे घरात ज्याला माहीत असतं तो दीर असतो, ती नाही. त्याच गठ्ठ्यातून, त्याच आठवड्यांत, 'इथे सही कर' म्हणून हक्कसोड पत्रावर सही झाल्याची प्रकरणं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. दुःखात असलेली बाई कागद वाचत नाही. म्हणून पहिली वारस-प्रतिनिधी म्हणून हयात जोडीदाराचंच नाव आपोआप यावं आणि दुसऱ्या कोणाला ते काम द्यायचं तर तिनं स्वतः, तिच्या आधारच्या संमतीनं द्यावं, अशी व्यवस्था हवी. पॅन नसलेल्या बाईला ते त्याच वेळी, त्याच अर्जातून मिळावं. ई-पॅन आधारवरून काही मिनिटांत निघतं, म्हणजे यातही नवं काही शोधायचं नाही.

बायकांच्या मनातली भीतीही इथे बोलायला हवी. नवऱ्याचा कर थकला असेल तर माझे दागिने नेतील का, माहेरून मिळालेली जमीन जाईल का? नाही. वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतून जे हाती आलं तेवढ्यापुरतीच, हे 1961 च्या कायद्यातल्या कलम 159 चं तत्त्व आहे आणि नव्या कायद्यातही ते कायम आहे. तिचं स्त्रीधन, तिची स्वतःची कमाई यांना हात लागत नाही. काळजी एकच घ्यायची: थकबाकी असताना नवऱ्याची मालमत्ता विकली किंवा गहाण टाकली, तर त्या किमतीपुरती ती स्वतः जबाबदार धरली जाऊ शकते. नवऱ्याकडून वारसानं आलेल्या एफडीच्या मुद्दलावर कर नाही, आपल्या देशात मृत्यूकर 1985 सालीच रद्द झाला. कर लागलाच तर पुढच्या व्याजावर. आयुर्विम्याचा मृत्युदावा करमुक्त आहे. या चार ओळी मृत्यूच्या दाखल्यासोबत छापून दिल्या तरी कितीतरी बायकांची झोप वाचेल.

मागण्या मोठ्या नाहीत. मृत्यूची नोंद होताच ती पॅनच्या यंत्रणेकडे जावी आणि त्या पॅनवरच्या सगळ्या मुदती मृत्यूच्या तारखेपासून एक वर्षापर्यंत आपोआप पुढे जाव्यात, उशिराचं शुल्क न लागता आणि जुनी करप्रणाली निवडण्याचा हक्क न गमावता. हयात जोडीदाराला पोर्टलवर थेट प्रतिनिधी मानावं. मृत्यूनंतर मयताच्या पॅनवर कापला गेलेला टीडीएस बँकेनं स्वतःहून दुरुस्त करून हयात खातेदाराच्या पॅनवर टाकावा. आणि फॅमिली पेन्शनची वजावट पेन्शनइतकीच करावी. यातली पहिली तीन कामं बरीचशी परिपत्रकांनी आणि यंत्रणेतल्या बदलांनी होण्यासारखी आहेत, चौथ्याला अर्थ विधेयक लागतं.

2024 साली जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चार लोकसभा मतदारसंघांपैकी तिघांतून महिला खासदार निवडून गेल्या. पक्ष वेगवेगळे आहेत, पण फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बायका तिन्ही मतदारसंघांत आहेत. अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय सूचना मागवतं. आमच्या तालुक्यांतल्या पेन्शनर संघटनांनी, महिला बचत गटांच्या महासंघांनी आणि आम्ही कर सल्लागारांनी मिळून या चार मागण्या लेखी द्याव्यात, खासदारांकडून त्या सभागृहात मांडून घ्याव्यात. माझ्या ओळखीच्या संघटनांशी मी बोलायला सुरुवात केली आहे. मसुदा मराठीत आहे, ज्यांना सह्या करायच्या आहेत त्यांनी आपल्या गावच्या पेन्शनर संघटनेकडे विचारणा करावी; तिथे तो नसेल तर आमच्याकडून मागवून घ्यावा.